आर्मी लिस्टचे नियम: स्क्रिप्ट लिहावी की नुसत्या अटी मांडाव्यात?

सहाचा_फासा (धागाकर्ता)

आमचा पाच जणांचा कंपू अजून वॉरहॅमर ४०,००० ची पाचवी आवृत्ती खेळतो. २००८ ची. पुस्तकं तेव्हाच घेतली, सैनिक तेव्हाच रंगवले, आता नव्या आवृत्तीमागे धावायची कुणाची इच्छा नाही. हा खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात: प्रत्येक तुकडीची किंमत पॉइंटांत ठरलेली असते. दोघांनी आधी ठरवलेल्या पॉइंटांत (आमच्याकडे १,५००) आपापली फौज बसवायची आणि ती नियमांत बसते का हे तपासायचं. पूर्वी हे काम वही आणि कॅल्क्युलेटरवर व्हायचं.

गेले दोन महिने रात्री जागून मी आमच्यापुरता एक लिस्ट-बिल्डर, म्हणजे फौजेची यादी बनवून तपासणारा प्रोग्राम लिहितोय. त्यातून माझं ठाम मत झालंय की तपासणीचे नियम सरळ स्क्रिप्टमध्ये, म्हणजे छोट्या प्रोग्रामच्या ओळींत लिहावेत. बॅटलस्क्राइब या तयार लिस्ट-बिल्डरच्या फायलींसारखी एक्सएमएलमध्ये (कंसांच्या खुणांत माहिती लिहायची पद्धत) अटी, अटींचे गट, मॉडिफायर अशी उतरंड रचणं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

उदाहरण घ्या. पाचव्या आवृत्तीत फौजेचा साचा ठरलेला: निदान १ एचक्यू (सेनापती) आणि २ ट्रूप्स (साध्या सैनिकांच्या तुकड्या) हवेतच; जास्तीत जास्त २ एचक्यू, ६ ट्रूप्स, आणि एलीट, फास्ट अटॅक, हेवी सपोर्ट प्रत्येकी ३. एवढं अटींत सहज बसतं. आता स्पेस मरीन्स या फौजेच्या पुस्तकातली सवलत बघा: कॅप्टन बाइकवर असेल तर किमान ५ जणांची बाइक तुकडी ट्रूप्समध्ये धरता येते, एरवी ती फास्ट अटॅकमध्ये. मी लुआ या स्क्रिप्टच्या भाषेत चार ओळी लिहिल्या. कॅप्टनला बाइक दिली की फौजेतल्या बाइक तुकड्या बघायच्या, पाच किंवा जास्त जण असतील तर खातं बदलायचं. झालं काम. हेच एक्सएमएलमध्ये करताना माझी दीड पानं भरली आणि शेवटी कुठला कंस कुठल्या अटीचा हे माझं मलाच कळेना.

---

कंसात_कंस

साफ असहमत.

तुमच्या चार ओळी ‘बाइक दिली की’ पासून सुरू होतात. म्हणजे त्या एका घटनेवर टांगलेल्या आहेत. मी आधी कॅप्टनला बाइक दिली आणि नंतर तीन जणांची तुकडी वाढवून पाच केली, तर? तिथे वेगळी स्क्रिप्ट लागेल. बाइक काढून घेतली तर तिसरी. कॅप्टनच काढून टाकला तर चौथी. एक्सएमएलची दीड पानं डोळ्यांना खुपतात, कबूल, पण त्यांत घटना नसते. ‘फौजेत बाइकवाला कॅप्टन आहे आणि तुकडीत निदान पाच जण आहेत, तर ट्रूप्स’ एवढंच विधान असतं. कुठलाही बदल झाला की प्रोग्राम सगळं पहिल्यापासून मोजतो. जुनं काही चिकटून राहायला जागाच नाही.

दुसरी गोष्ट आयुष्याची. बॅटलस्क्राइब बंदिस्त सॉफ्टवेअर, त्याचा कोड कुणाकडे नाही. त्यात नवं काम होणं थांबलं तरी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर बीएसडेटाच्या नावाने स्वयंसेवकांनी जमवलेल्या फायली चालूच राहिल्या आणि न्यू रिक्रूट या दुसऱ्या लिस्ट-बिल्डरने त्याच वाचायला घेतल्या. खेळाचा ढाचा ‘जीएसटी’ फाइलमध्ये, प्रत्येक फौजेची ‘कॅट’ फाइल वेगळी, आत किमान-कमाल मर्यादा, आणि त्या मर्यादा कुठे मोजायच्या तेही तिथेच: आईबापाच्या (लगेच वरच्या) नोंदीत, तुकड्यांच्या गटात की अख्ख्या यादीत. वाचणारं सॉफ्टवेअर बदललं तरी अर्थ तोच राहिला. तुमची लुआ उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवायची म्हणजे तुमच्या प्रोग्रामची सगळी आतडी बरोबर न्यावी लागतील.

---

सहाचा_फासा

@कंसात_कंस, आतड्यांचं पटलं. पण विधान-विधान म्हणून मिरवता ते तरी कितपत विधान आहे? मॉडिफायर म्हणजे ‘ही किंमत इतकी कर’, ‘इतकी वाढव’, ‘ही नोंद लपव’. वर अट, अटींच्या गटात ‘आणि’, ‘किंवा’, शिवाय ‘दर इतक्यांमागे एकदा’ अशी पुनरावृत्ती. हा प्रोग्रामच झाला की! फक्त त्यात व्हेरिएबलला नाव देता येत नाही आणि कॉमेंट कुणी लिहीत नाही. स्क्रिप्टला नावं ठेवायची आणि स्क्रिप्टच लिहायची, पण उंदराच्या क्लिकने.

---

रंगारी_रेवा

उंदराच्या क्लिकचाच मुद्दा घेते. मी प्रोग्रामर नाही, दंतवैद्य आहे. दवाखाना संध्याकाळी असतो, दुपारी वेळ मिळाला की एका फौजेची डेटाफाइल सांभाळते. पॉइंट बदलले की नवे आकडे भरायचे, नवी तुकडी आली की नोंद करायची. एडिटरमध्ये डावीकडे झाड दिसतं, उजवीकडे रकाने. कमाल ३ असं भरलं की झालं.

दहाव्या आवृत्तीत (२०२३ ची) तर बहुतेक नियम असेच आहेत. एका प्रकारच्या तुकड्या जास्तीत जास्त ३, बॅटललाइन (फौजेचा कणा असलेली तुकडी) असेल तर ६. एन्हान्समेंट (नायकांना द्यायची खास जोड) एकूण ३, सगळी वेगळी, आणि एपिक हीरोला (नावानिशी ठरलेल्या नायकाला) एकही नाही. शस्त्रांचे वेगळे पॉइंट उरलेच नाहीत. यात लुआ कुठे लागली सांगा? फासाभाऊ, तुमची अडचण २००८ च्या पुस्तकाची आहे, आणि औषध सगळ्यांना पाजताय. स्क्रिप्ट सक्तीची केलीत तर माझ्यासारखे उद्याच हात वर करतील, मग फायली तुम्हीच भरा.

---

कंसात_कंस

ताईंना +१. शिवाय अनोळखी माणसाची स्क्रिप्ट आपल्या फोनवर चालवायची म्हणजे तिला कोंडून ठेवणं आलं. लुआत फायलींची लायब्ररी काढून घेता येते, ठराविक सूचनांनंतर हूक (मध्येच चालणारा आपला कोड) लावून अनंत लूपही थांबवता येतो. पण ही सगळी राखण करायची कशासाठी, तर कमाल ३ तपासण्यासाठी.

---

पंच_हवालदार

दोघंही भांडा, पण खेळाडूला काय दिसतं त्याबद्दल कुणीच बोलत नाही. आमच्या छोट्या स्पर्धेत मी याद्या तपासतो. एकाने शेवटच्या रात्री कॅप्टनची बाइक काढून तेवढ्या पॉइंटांत कसलंसं शस्त्र घेतलं. सॉफ्टवेअर म्हणालं, ‘ट्रूप्स २ कमी’. त्या बिचाऱ्याने कॅप्टनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तासभर पॉइंट खरवडून साधे सैनिक कोंबले आणि सकाळी रडक्या फौजेनिशी हजर! नियम बरोबर, निकाल बरोबर, आणि माणसाच्या पदरात काही नाही. ‘कॅप्टन पायी असल्याने या दोन बाइक तुकड्या ट्रूप्समध्ये धरता येत नाहीत’ असं म्हणणारी तपासणी पाहिजे. ते अटींतून काढा नाहीतर स्क्रिप्टमधून, मला सोयरसुतक नाही.

आणि हो, चूक झाली की बटणच बंद करणारे बिल्डर नकोत. यादी अर्धवट असताना ती बेकायदाच असते! रिकाम्या यादीत एचक्यू कुठून असणार? लाल अक्षरांत सांगा आणि पुढे जाऊ द्या. घरी मित्राबरोबर कुणाला चार ट्रूप्सऐवजी चार तोफा खेळायच्या असतील तर खेळू देत.

---

नॉटिंगहॅमकर

हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपच्या गावात राहतो म्हणून मला नियम जास्त कळतात असं नाही, पण एक काडी टाकतो.

त्यांच्याच वॉरहॅमर फॅन्टसी या दुसऱ्या खेळाच्या आठव्या आवृत्तीत (२०१०) साचा टक्क्यांत होता. लॉर्ड २५ पर्यंत, हीरो २५ पर्यंत, कोअर निदान २५, स्पेशल ५० पर्यंत, रेअर २५ पर्यंत. आता सांगा, टक्के कशाचे? ठरलेल्या मर्यादेचे की खर्च झालेल्या पॉइंटांचे? २,००० चा खेळ आणि १,९६० ची यादी असेल तर कोअर ५०० पाहिजे की ४९० चालेल? मर्यादेचे धरले तर यादी भरताना आकडा हलत नाही. खर्चाचे धरले तर स्वस्तातली तोफ काढली की कोअरची गरजही कमी होते आणि लॉर्डची मुभाही. पुस्तक वाचणारा माणूस संदर्भाने समजून घेतो, डेटा लिहिणाऱ्याला मात्र एक रकाना निवडावाच लागतो. स्क्रिप्ट की अटी हा वाद मला त्यामुळे दुय्यम वाटतो. इंग्रजी वाक्याचा अर्थ ठरवतं कोण, हा खरा वाद.

सगळं पहिल्यापासून मोजलं की प्रश्न सुटतो असंही नाही बरं का, कंसराव. कल्पनेतला नियम घ्या: ‘ट्रूप्स दोनपेक्षा कमी असतील तर ही तुकडी ट्रूप्समध्ये धरा.’ एक ट्रूप आहे, म्हणून ही धरली. झाले दोन. आता अट खोटी, म्हणून काढली. झाला एक. मोजत बसा पहाटेपर्यंत.

---

कंसात_कंस

हे मान्य. अटी कुणी कुणावर अवलंबून आहेत ते आधी बघून असं वर्तुळ फाइल भरतानाच नाकारावं लागतं. पण विधानात ते निदान शोधता तरी येतं. स्क्रिप्टच्या पोटात शिरून कोण शोधणार?

---

सहाचा_फासा

पंचांचा मुद्दा घेतो. संदेश सुधारतोय, ‘का’ सांगणारी ओळ प्रत्येक नियमाला जोडणार. रेवाताईंसाठी साध्या मर्यादा रकान्यातच राहतील आणि वाकडे नियम तेवढे लुआत. पण घटनेवर टांगलेली स्क्रिप्ट चालत नाही हे मात्र मला पटलेलं नाही. कालच माझ्या बिल्डरमध्ये बनवलेली यादी खाली देतोय, एकही लाल ओळ नाही:

कॅप्टन (पॉवर फिस्ट) – एचक्यू
बाइक तुकडी, ६ जण – ट्रूप्स
बाइक तुकडी, ५ जण – ट्रूप्स
ड्रेडनॉट – एलीट
प्रेडेटर – हेवी सपोर्ट

पॉइंटही १,५०० च्या आत आहेत. दाखवा चूक.

---

रंगारी_रेवा

फासाभाऊ, कॅप्टनची बाइक कुठाय?

---

सहाचा_फासा

काल फिस्टसाठी काढली.

थांबा.