एकच विषय न धरता पदवी: पुतणीला हो म्हणावं का?

यावलकर_काका
पुतणी बारावी झाली. आमच्या घरी केळी. बाग यावलला, पण भाव बघायचा बऱ्हाणपूरच्या लिलावाचा. हे ऐकतच पोर मोठी झाली. आता म्हणते, मुख्य विषय अर्थशास्त्र, जोडीला संख्याशास्त्र, हिंदी आणि थोडं कॉम्प्युटर, माझं मीच जुळवते. घरचे म्हणतात, "म्हणजे धड कशातलीच नाही." मला ते पटत नाही. केळीचा धंदा तरी एका विषयात कुठे बसतो? पाणी, मजुरी, ट्रकभाडं, व्यापाऱ्याशी हिंदीत घासाघीस, सगळं एकाच दिवशी अंगावर येतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनरची, म्हणजे एक मुख्य आणि जोडीला दुसरा विषय घ्यायची मुभा दिलीय, ती का सोडायची?

अमळनेरची_शिक्षिका
काका, माझा विरोध आहे. मुभा कागदावर आहे. ओपन इलेक्टिव्ह हा खरं तर आपल्या आवडीने निवडायचा विषय, पण तालुक्याच्या कॉलेजात तो म्हणजे ज्याला शिकवणारं माणूस आहे तो विषय. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला मानसशास्त्र हवं होतं, पदरात पडलं पर्यटन. आणि उद्या बी.एड. करायचं ठरलं तर अध्यापनाचा विषय पदवीवरूनच ठरतो. तिथे खिचडी चालत नाही.

धुळ्याचा_वाचक
शिकवणारं माणूस नसेल तर 'स्वयम' या सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरून करा की. विद्यापीठाने मान्य केलं तर सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे गुणांक) तिथून घेता येतात. स्पर्धा परीक्षेचं म्हणाल, तर राज्यसेवेच्या बहुतेक पदांना कुठलीही पदवी चालते.

शिरपूरचा_भाऊ
२०११ ला मी दुसऱ्या वर्षाला होतो. वडील अंथरुणाला खिळले आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरात कोणी नाही. परीक्षा कशीबशी दिली, सगळ्या पेपरांत पास झालो, पण तिसऱ्या वर्षाला गेलोच नाही. पुढे जिथे अर्ज केला तिथे मी बारावी पासच. दोन वर्षांच्या अभ्यासाला काडीची किंमत नाही. आता पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडलं तरी प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर सोडलं तर पदविका मिळते. त्यासाठी उन्हाळ्यात ४ क्रेडिटचं कौशल्याचं काम करावं लागतं, बस. क्रेडिट बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा राहतात त्या ऑनलाइन खात्यात, कमाई ७ वर्षांपर्यंत राहते, परत येऊन पदवी पुरी करता येते. ज्यांचं घर पावसावर चालतं त्यांना हे कळेल भो.

अमळनेरची_शिक्षिका
भाऊ, तुमचं दुःख खरं आहे. पण तुम्हाला जे दार उघडं वाटतं, त्याच दारातून मुलींना बाहेर काढतील, ही माझी खरी भीती आहे. "सर्टिफिकेट मिळालं ना? आता स्थळं बघू." पूर्वी निदान "पदवी तर होऊ द्या" म्हणून बापाला थोपवता यायचं. मी स्वतः तीन घरी जाऊन तेवढ्या एका वाक्यावर तीन मुली वाचवल्यात. आता काय म्हणू?

शिरपूरचा_भाऊ
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही.

यावलकर_काका
ताई, हे काळजाला लागलं. विषयांचा घोळ मी निस्तरेन, पण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आज रात्री थोरल्या भावाशी बोलतो. तीन वर्षं पुरी होईस्तोवर घरात स्थळाचं नाव काढायचं नाही, हे पोरीच्या समोर कबूल करून घेतो. आणि कॉलेजात माहितीपत्रक मागणार नाही, दुसऱ्या वर्षाचं चालू वेळापत्रक मागणार. संख्याशास्त्राचा तास त्यात दिसला तर इथेच प्रवेश. नाही तर जळगावला होस्टेल बघतो.