विळी, सुरी, कोयता, अडकित्ता: गंजू नये म्हणून काय लावता? (अनुभव धागा)

चिंचगुळ
गणपतीला रत्नागिरीचं घर उघडलं, फडताळातून आजीची विळी काढली तर पात्यावर मधासारखा चिकट थर आणि त्या थराच्या खाली नारिंगी गंज. बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटला. चूक सगळी माझीच. मे मधे घर बंद करताना मोठ्या हौसेने जवसाचं तेल चोपडून गेले होते, कारण बिडाचा तवा जवसानेच सीझन केला होता आणि तो झक्क झाला होता, म्हटलं लोखंड ते लोखंड. आता कळलं की जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, पूर्वी रंगात नि वॉर्निशात घालायचे ते त्यामुळेच. तव्यावर आपण ते पुसून पुसून पातळ करतो आणि तापवून कडक करतो, मी विळीवर जाड थापलं आणि पातं धुतल्यावर नीट कोरडंही केलं नव्हतं, म्हणजे ओल आत कोंडून वर झाकण लावल्यासारखं झालं.

सध्या चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसलेय. तोवर तुम्ही सांगा, कुठलं तेल, किती, कितीदा. वाचलेलं नको, केलेलं लिहा. फसलं असेल तर आधी ते.

मालवणी खाजा
आम्ही विळीला आडाळो म्हणतो आणि आडाळ्याला खोबरेल, दुसरं काही घरात कधी आलंच नाही. मुळात ते गंजासाठी नसून फणसासाठी. फणस फोडायच्या आधी हाताला आणि पात्याला खोबरेल चोळायचं, नाहीतर चीक असा बसतो की पाणी-साबणाला दाद देत नाही. नंतर पात्यावरचा चीक काढायलाही परत तेलाचंच फडकं. त्यामुळे एप्रिल ते जून आडाळो कायम तेलात, गंज धरायला जागाच नाही.

पण हे रोज वापरात असेल तर. चुलत्यांनी घर बंद करताना हेच केलं, सहा महिन्यांनी खवट वास आणि पात्यावर मुंग्यांची रांग. थंडीत ते गोठून पांढरं होतं ते सोडा, पुसलं की निघतं.

सुपारीफुल
अडकित्त्याची गंमत सांगते. आजोबांचा पितळी मुठीचा अडकित्ता खिळ्यापाशी करकर करायला लागला म्हणून भावाने शिलाई मशीनचं तेल सोडलं. एकदम लोण्यासारखा चालायला लागला. संध्याकाळी आजोबांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि अंगणात जाऊन थुंकले, म्हणे ही सुपारी आहे का सायकल! तेल खिळ्यातून ओघळून पात्यावर आलं होतं. मशीनचं तेल पातळ असतं, फटीत मस्त शिरतं, पण खायच्या वस्तूला लागणाऱ्या पात्याला नको. मग आजीने डाळींना लावायच्या बाटलीतलं एरंडेल काडीने एक थेंब खिळ्यात सोडलं. जाड असतं, जागचं हलत नाही, जवसासारखं सुकतही नाही. फक्त धूळ धरतं, म्हणून महिन्याने पुसायचं.

ओसाकाकर
इथे ओसाकाशेजारी साकाईला सुऱ्यांची जुनी दुकानं आहेत, तिथून एक कार्बन स्टीलची सुरी घेतली. पहिल्याच आठवड्यात कांदे चिरता चिरता पातं निळंकरडं पडलं, मी घाबरून घासून घासून चकचकीत केलं. दोनदा. तिसऱ्यांदा दुकानात घेऊन गेलो तर आजोबा हसायला लागले. म्हणाले निळं-काळं झालं तर होऊ दे, तो थर पात्याला सांभाळतो, लाल दिसलं की मात्र लगेच घास. इतके दिवस मी पात्याचा अंगरखाच काढत होतो!

तेल विचाराल तर त्सुबाकी, म्हणजे कॅमेलियाच्या बियांचं. हेच इथे बायका केसांना लावतात, आपल्या खोबरेलासारखंच झालं. सुकत नाही, वास नाही. दोन थेंब टिश्यूवर घेऊन पातं पुसायचं, मग कोरड्या टिश्यूने परत पुसायचं, दिसलं नाही पाहिजे इतकंच उरवायचं. मी आधी चांगलं निथळेपर्यंत लावायचो, सुरी ड्रॉवरमधे ठेवली की लाकडाला डाग. तरी जूनच्या पावसात एकदा लिंबू चिरून सुरी रात्रभर सिंकमधे राहिली आणि सकाळी मोहरीएवढे लाल ठिपके. त्याला कुठलं तेल काय करणार.

साधा माणूस
ओसाकाकर, त्सुबाकी आमच्या सांगलीत कुठून आणू? मी केमिस्टकडून लिक्विड पॅराफिन आणतो. खनिज तेल आहे, खवट होत नाही, सुकत नाही, आणि पोट साफ व्हायला घ्यायचं औषध म्हणूनच विकतात त्यामुळे भाजीला पुसटसं लागलं तरी घाबरायचं कारण नाही. पहिल्यांदा आणायला गेलो तर काउंटरवरच्या मुलाने आवाज खाली करून विचारलं, "किती दिवस झाले काका?" मी म्हटलं दोन महिने झाले गंजून. त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

ऊसवाला
उसाच्या कोयत्याला सीझनमधे तेल कोण लावतंय. सकाळी कानस मारायची आणि फडात उतरायचं. रस लागलेला कोयता रात्री तसाच टाकला तर सकाळी काळा पडतो, म्हणून तोडणीवाले पाचटानं पुसून ठेवतात. तेलाचं काम पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडणीचा सीझन संपल्यावर. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फडक्यानं खुरपी, कुऱ्हाडी, कोयते सगळ्याला फासायचं, बारदानात गुंडाळायचं, पार खंडेनवमीला बाहेर काढून धुवायचं, पूजा करायची. गंज लागत नाही हे खरंय पण ते ऑइल हाताला वाईट, आणि आमच्या वडलांनी एकदा त्याच फडक्यानं घरातला विळा पुसला. आईनं तो विळा परत चुलीपाशी घेतला नाही, आता गवताला आहे. मी यंदापासून ग्रीस लावतो, नवीन, डब्यातलं.

भटक्या०७
ट्रेकचा चाकू मी चामड्याच्या म्यानात ठेवायचो, ऐटीत. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावरून आलो, पातं पुसलं, तेल लावलं, म्यानात घातलं, महिन्याभराने काढलं तर म्यानाच्या शिवणीची अख्खी रेघ पात्यावर गंजाने छापलेली. चामडं ओल धरून ठेवतं. आता घरी चाकू म्यानाबाहेर आणि वर व्हॅसलीनचा पातळ हात.

फोल्डिंग चाकूसाठी मित्र डब्ल्यूडी-४० मारतो. नावातला डब्ल्यूडी म्हणजेच पाणी हटवणं, भिजलेल्या सांध्यातलं पाणी बाहेर काढायला झकास, पण ते पातळ असतं, बरंचसं उडून जातं. त्यानंतर खरं तेल घालावंच लागतं. आणि फळं कापायच्या चाकूवर ते नको.

चिंचगुळ
साधा माणूस 😂😂 आईला वाचून दाखवलं.
करडईचं तेल चालेल का? घरात तेच आहे.

सुपारीफुल
नको गं, करडई पण सुकते. तुझ्या तेलाच्या बुधलीची बाहेरची बाजू चाचपून बघ, ओघळ चिकट झालाय ना? तेच पात्यावर होणार.

मालवणी खाजा
आणि स्टेनलेसच्या सुरीला काही लावू नका उगाच. क्रोमियम असतं त्यात भरपूर. धुऊन पुसली की झालं. मिठाच्या पाण्यात पडून राहिली तर तीसुद्धा ठिपके धरते, पण तो आळसाचा प्रश्न.

चिंचगुळ
बुधली चाचपली. बरोब्बर!

अपडेट देते. चिकट थर राखेने हलेना, शेवटी खोबरेल चोळून तासभर ठेवलं मग खरवडून निघाला. त्याखालचा गंज चिंचेने. मग धुऊन, पुसून, पातं हाताला ऊन लागेपर्यंत गॅसशेजारी धरलं, कारण पाट आणि पातं जोडतात त्या फटीत पाणी राहतं आणि गंज तिथूनच सुरू झाला होता. लिक्विड पॅराफिन आणलं (मला कोणी काही विचारलं नाही), फटीत दोन थेंब, पात्यावर पुसट हात, वर्तमानपत्राऐवजी जुन्या सुती साडीत गुंडाळली. पातं आता काळपट दिसतंय, मधे दोन खड्डे राहिलेत. खवणीचे दात मात्र शाबूत आहेत, काल त्यावरच मोदकाचा नारळ खवला.