मदत हवी आहे: सफाईनंतर कॅनिस्टर फिल्टर पाणी उचलत नाही

नमस्कार. मी फोंड्याला राहतो. घरी ९० × ४५ × ४५ सेंटीमीटरची, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे १८० लिटरची माशांची टाकी आहे. तीत चार एंजल मासे, पाच कोरीडोरास (तळाशी वावरणारे छोटे मासे) आणि मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीचे दाट रान आहे. टाकीखालच्या कपाटात ताशी १००० लिटर क्षमतेचा कॅनिस्टर फिल्टर (टाकीचे पाणी नळीने आत घेऊन, गाळून परत पाठवणारा मोटारीचा बंद डबा) दोन वर्षे चालू आहे (ही क्षमता अर्थात रिकाम्या डब्याची, आत स्पंज आणि सिरॅमिक रिंगा भरल्यावर ती कधीच मिळत नाही). पाणी तो उत्तम गाळतो. माझी तक्रार आहे ती सफाईनंतर त्याला पुन्हा सुरू करण्याबद्दल.

ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राहून येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते रिंगांवरील, पाण्यातील घाण पचवणाऱ्या जिवाणूंना मारक ठरते, म्हणून मी स्पंज आणि रिंगा टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने हलवून घेतो. त्यानंतर झाकण लावून, दोन्ही व्हॉल्व्ह उघडून प्रायमिंगचा (सुरू करण्यापूर्वी डब्यात पाणी ओढून घेण्याचा) दट्ट्या दाबू लागलो की सुरुवातीला पाणी खळखळत डब्यात उतरते, पण अर्ध्यावर येऊन थांबते आणि पुढे तीस-चाळीस वेळा दाबूनही काहीच हलत नाही. तसेच बटण चालू केले, तर मोटार खरखरते, स्प्रे बारमधून (परतीच्या नळीच्या टोकाच्या, भोके असलेल्या नळीतून) बुडबुडे येतात आणि प्रवाह बंद पडतो. गेल्या रविवारी या खटपटीत दीड तास गेला. शेवटी परतीची नळी तोंडाने ओढली आणि त्याचे फळ म्हणून घोटभर गाळ चाखला.

यामागचे तत्त्व मला कळत नाही असे नाही. आमच्या कुळागरातील (पोफळीच्या बागेतील) पंपाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे नळीच्या तळाची झडप, गळू लागला की वडील वरून तांब्या-तांब्याने पाणी ओतून पंप भरून घेत, कारण पंपात हवा असेपर्यंत मोटार नुसती फिरते, पाणी उचलत नाही. मग टाकीच्या खाली ठेवलेल्या, वरून आपोआप पाणी उतरायला हवे अशा डब्याला एवढे आढेवेढे का?

या कटकटीमुळे सफाई लांबणीवर पडते, हे खरे नुकसान. महिन्याकाठी करायचे काम यंदा चार महिने राहिले. चवथीला आम्ही गावी गेलो असताना फोंड्यात रात्रभर वीज नव्हती; सकाळी परतलो तेव्हा फिल्टर नुकताच सुरू झाला होता, पाण्याला कुजका वास होता आणि एंजल पृष्ठभागावर येऊन धापा टाकत होते. सहावा कोरीडोरास त्या दिवशी गेला.

आतापर्यंत मी झाकणाची रबरी रिंग पुसून पाहिली, इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) काढून धुतला (त्याचा सिरॅमिक दांडा शाबूत आहे) आणि आत येणाऱ्या नळीच्या जाळीत अडकलेली व्हॅलिसनेरियाची पाने काढली. नळ्या खोक्यातून आल्या तशाच आहेत, प्रत्येकी सुमारे दोन मीटर. जास्तीची लांबी कपाटामागे वेटोळे करून ठेवली आहे. स्प्रे बार पाण्याखाली पाच सेंटीमीटर आहे आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) आत येणाऱ्या नळीजवळच आहे. चूक नेमकी कोठे होत असावी, आणि वीज गेल्यावर काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

आपला घोटाळा त्या वेटोळ्यात आहे. नळी एकदा खाली जाऊन पुन्हा वर चढली की खोलगट भागात पाणी साचते आणि त्याच्या पलीकडची हवा कोंडली जाते. डबा भरायचा तर त्यातील हवेला परतीच्या नळीतूनच बाहेर पडावे लागते. आपल्याकडे तिच्या वाटेत वेटोळ्यातले पाणी आहे आणि टोकाला बुडवलेला स्प्रे बार. आतील व्यास १६ मिलिमीटर असेल, तर दोन मीटरच्या नळीत सुमारे ४०० मिलिलिटर मावते, आणि तेवढी हवा छोट्याशा दट्ट्याने ढकलणे कठीणच. दोन्ही नळ्या कापून अशा बसवा की त्या टाकीच्या काठावरून सरळ खाली उतरतील. झाकण लावण्यापूर्वी डबा टाकीच्याच पाण्याने काठापर्यंत भरा, सुरू करताना स्प्रे बार पाण्याबाहेर धरा आणि पाणी लागल्यावर डबा दोन्ही बाजूंना कलता करून उरलेली हवा सोडून द्या. एअर स्टोन दुसऱ्या कोपऱ्यात हलवा, नाहीतर त्याचे बुडबुडे फिल्टर ओढत राहील. झाकणाच्या रबरी रिंगेला सिलिकॉन ग्रीसच लावा. आपल्याकडे खोबरेल लावण्याची सवय आहे, पण तेलाने काही रबरे फुगतात.

विजेचे म्हणाल, तर बंद डब्यातील जिवाणू आतला प्राणवायू थोड्याच वेळात संपवतात आणि मग ते पाणी कुजते. काही तास वीज नसेल, तर ती येण्यापूर्वी प्लग काढून ठेवा आणि डब्यातील पाणी ओतून टाकूनच फिल्टर सुरू करा. घरी कोणी नसताना हे शक्य नाही, म्हणून बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप घ्या. डब्यातील जिवाणू वाचणार नाहीत, मासे वाचतील.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार. दोन्ही नळ्या सव्वा मीटरवर कापल्या. डबा आधी भरून घेतल्यावर दट्ट्या आठ-दहा वेळा दाबताच पाणी लागले. खरखर मात्र संध्याकाळपर्यंत अधूनमधून येत राहिली. आता एवढेच विचारायचे आहे की आत येणाऱ्या बाजूच्या व्हॉल्व्हच्या खटक्यापाशी दिवसातून दोन-तीन थेंब जमा होतात. आतली बारीक रिंग वेगळी मिळते, की संपूर्ण व्हॉल्व्हच बदलावा लागतो?