हॅलची ती चाल: क्युब्रिकने पेरलेली खूण की साधी चूक?

अडीचघर: स्टॅन्ली क्युब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'मध्ये (१९६८) अंतराळवीर फ्रँक पूल हॅल ९००० या संगणकाशी बुद्धिबळ खेळतो. हॅल त्याला शेवट ऐकवतो: वजीर उंट तीन (वजीर उंटाच्या उभ्या ओळीतल्या तिसऱ्या घरात), उंट वजिराला मारतो, घोडा उंटाला मारतो, मात. फ्रँक डाव सोडून देतो. पण तेव्हाच्या इंग्रजी नोंदपद्धतीत प्रत्येकजण घरं आपल्या बाजूने मोजायचा. हॅलची मोहरी काळी, म्हणजे 'वजीर उंट सहा' हवं. शिवाय तो वजीर मारायची फ्रँकवर सक्ती नाही, मात लांबवता येते. क्युब्रिक तरुणपणी न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये पैसे लावून खेळायचा. त्याच्या नजरेतून हे सुटणं मला अशक्य वाटतं. यानंतरच हॅल अँटेनाच्या एका भागाबद्दल चुकीचं भाकीत करतो. बिघाडाची पहिली खूण या डावात आहे.

काळा उंट: अजिबात पटलं नाही. हा डाव चित्रपटासाठी रचलेला नाही. १९१० साली हॅम्बुर्गला रोश विरुद्ध श्लागे असा तो खरोखर खेळला गेला आणि तिथेही वजिराच्या याच चालीवर पांढऱ्याने डाव सोडला. मात लांबवता येते हे खरं, पण वाचवता येत नाही. समोरच्याला मुख्य धागा तेवढा सांगणं ही खेळणाऱ्यांची नेहमीची रीत आहे. राहिला तीन आणि सहाचा घोळ. पांढऱ्याच्या बाजूने पट बघून संवाद लिहिला की तो सहज होतो.

अडीचघर: सहज होतो, मान्य. पण फ्रँक काय करतो ते बघा ना! पटावर नजर टाकतो, तुझंच बरोबर दिसतंय म्हणतो आणि संपलं. यंत्राचा शब्द कुणी तपासत नाही, हाच तर चित्रपटाचा गाभा आहे.

पटाबाहेरचा: दोघांनी जरा योगायोगांची ताकदही लक्षात घ्या. एच-ए-एल, प्रत्येकाचं पुढचं अक्षर घ्या: आय-बी-एम, म्हणजे ती संगणक कंपनी. चित्रपटाचे सहलेखक आर्थर क्लार्क हे जुळणं मुद्दाम केल्याचं ठामपणे नाकारत आले. त्यांच्या कादंबरीत हॅल सुरू होतो १२ जानेवारी १९९७ ला (चित्रपटात १९९२). आणि मे १९९७ मध्ये आयबीएमच्याच डीप ब्लू या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाने जगज्जेत्या कास्पारॉव्हला ३.५–२.५ असं हरवलं! हे कुणी ठरवून घडवलं म्हणणार? त्याच सामन्याच्या पहिल्या डावात डीप ब्लूची ४४ वी चाल, हत्तीची, अनाकलनीय होती. तो प्रोग्रॅममधला दोष होता, असं त्याच्या निर्मात्यांपैकी मरे कॅम्पबेल यांनी पुढे सांगितलं. दोषातही हेतू शोधायची आपल्याला सवय आहे.

अडीचघर: तारखा क्लार्कच्या हातात नव्हत्या. पट मात्र क्युब्रिकच्या हातात होता, आणि एकेका दृश्याचे असंख्य टेक घेणारा तो माणूस. हा फरक मी सोडणार नाही.

काळा उंट: मग खूण अशी का निवडली, की जी फक्त नोंदी वाचणाऱ्यालाच कळावी? हॅलच्या तोंडी एखादी नियमबाह्य चाल घातली असती, तर पट ओळखणाऱ्या कुणालाही ती खटकली असती. चाल पूर्ण बरोबर आहे, घराचा आकडा तेवढा चुकलाय. एवढ्यावर हॅलला मी बिघडलेला ठरवणार नाही.