धाकट्याचा रीलवर विश्वास बसतो, आईच्या शब्दावर नाही

सड्यावरची:
आमचं गाव राजापूर तालुक्यात, बारसूच्या सड्यापासून, म्हणजे कातळाच्या पठारापासून, जवळच. धाकटा भाऊ आता विशी ओलांडलेला, रत्नागिरीत कॉलेजला आहे.

एप्रिल २०२३ मध्ये इथे होऊ घातलेल्या तेल रिफायनरीच्या माती परीक्षणासाठी सड्यावर बोअर मारायला सुरुवात झाली, तेव्हा गावातल्या बायका विरोध म्हणून भर उन्हात तिथे जाऊन बसल्या. आमची आईही. त्या रात्री ती ओले काजूगर सोलत बसली होती, चिकाने बोटं काळी पडलेली. समोर बसून भावाने तिला रील दाखवलं. सड्यावरच्या बायका पैसे देऊन बाहेरून आणल्यात म्हणे. आई म्हणाली, "अरे, मी होते ना तिथं. शेजारची काकी होती. आम्हाला कोणी आणलं?" तर म्हणतो, "तू नसशील, पण बाकीच्या असतील." बाकीच्या म्हणजे कोण? ज्यांच्या अंगणात हा लहानाचा मोठा झाला त्या! आई पुढे काही बोलली नाही, सोलत राहिली. माझ्या मनातून ते अजून जात नाही.

७ मे २०२४ ला त्याने लोकसभेला पहिलं मत दिलं. कोणाला, ते मी विचारलं नाही. कशावरून ठरवलंस विचारलं, तर तीन पेजांची नावं सांगितली. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर कोणालाही वाचता येतं, गुन्हे, मालमत्ता सगळं त्यात असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

चूक माझ्याकडूनही झाली आहे. बोअर मारत होते त्या दिवसांत, सड्यावरच्या लाठीमाराचा म्हणून आलेला एक व्हिडिओ मी वाडीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी काकांनी दाखवलं, त्यातली जमीन काळीभोर आहे. आमच्याकडे सगळा जांभा, पाय ठेवला की तांबडा होतो. डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं, कारण मला ते खरं असायला हवं होतं.

त्याचं मत बदलायचं नाहीये मला. पोरांना इथेच नोकरी मिळेल म्हणून प्रकल्प हवा म्हणणारे आमच्या वाडीतही आहेत, आणि त्यांची तळमळ खरी आहे. पण समोरच्या माणसापेक्षा मोबाइल खरा वाटायला लागला, तर घरात बोलायचं कसं?

निवृत्त_मास्तर:
ताई, काळ्या जमिनीची गोष्ट भावाला सांगितलीत का? आधी ती सांगा. स्वतःची चूक सांगणाऱ्या माणसाचं पोरं ऐकतात, ३१ वर्षं शिकवून एवढं कळलं.

जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. बऱ्याचदा फिरलेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात, तो २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला जातो. रीलचं तसं नाही. ज्यावर तुमचं बोट थांबलं, त्याच जातीचं पुढचं येतं. त्याला वाटतं सगळं जग हेच म्हणतंय. तुमचा आणि त्याचा मोबाइल शेजारी ठेवून एकच शब्द शोधून बघा.

मालवण_२१:
मी तुमच्या भावाच्याच वयाचा, म्हणून त्याची बाजू सांगतो. आमच्याशी राजकारणावर बोलतं कोण? ग्रामसभेत मी दोनदा गेलो. पर्ससीनवाल्यांच्या, म्हणजे मोठ्या जाळ्यांनी मासे धरणाऱ्यांच्या, बोटी किनाऱ्याजवळ आत येतात त्याबद्दल विचारलं, तर "तू अजून लहान आहेस, वडिलांना पाठव" म्हणाले. माझ्या नावावर मतदान कार्ड आहे! रीलवाला निदान मला उद्देशून बोलतो. तो खोटं बोलत असेलही, पण गप्प बस म्हणत नाही. त्याला काय वाटतं हे तुम्ही कधी पूर्ण ऐकून घेतलंत का?

सड्यावरची:
मालवणकर, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. नाही घेतलं ऐकून. तो बोलायला लागला की मी मध्येच तोडते.

रविवारी तो आला होता. दोघं सड्यावर गेलो. मास्तर, काळ्या जमिनीचं तिथेच सांगितलं. मग कातळशिल्पांपाशी बसून तो तासभर बोलला, मी मध्ये तोंड उघडलं नाही. नोकरीची भीती आहे त्याला. मुंबईला जायचं नाही, आणि इथे राहिलो तर खायचं काय, हे तो कोणाला बोलला नव्हता. घरी येऊन त्याने आईला विचारलं, "त्या दिवशी किती वाजता गेला होतात तुम्ही?"

आई सांगत बसली. त्याने मोबाइल पालथा ठेवला होता.