पसारा, अंदाज आणि एन्ट्रॉपी
एन्ट्रॉपी म्हणजे पदार्थातले रेणू किती वेगवेगळ्या प्रकारे मांडलेले असू शकतात याचं माप; तिच्यातला बदल उष्णता भागिले केल्विनमधलं तापमान असा मोजतात. तिच्याबद्दल दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात: 'पसारा वाढला की एन्ट्रॉपी वाढली' आणि 'एन्ट्रॉपी वाढली की अनिश्चितता वाढते, अंदाज बांधता येत नाही'. पहिलं समीकरण शाळेपुरतं ठीक, पण हिशोबात फसतं. नाशिकजवळ निफाडकडे कडाक्याच्या थंडीत द्राक्षाच्या पानांवरचं दव गोठतं तेव्हा रेणू शिस्तीत बसतात आणि पाण्याची एन्ट्रॉपी घटते: ग्रॅममागे बाहेर पडणारी ३३४ ज्यूल उष्णता भागिले २७३.१५ केल्विन, म्हणजे सुमारे १.२२३ ज्यूल प्रति केल्विन. तीच उष्णता उणे १ अंशाच्या हवेत गेली की तिथे १.२२७ ची भर पडते. बेरीज धनच, म्हणजे पाण्यातला पसारा आवरला तरी एकूण एन्ट्रॉपी वाढलीच. (भागताना सेल्सिअस घेतलं की सगळं बोंबलतं.)

राहिली अनिश्चितता. ती कशाबद्दलची, हे आधी सांगायला हवं. बंद सिलिंडरमधल्या स्थिरावलेल्या वायूची एन्ट्रॉपी त्या ऊर्जेला आणि आकारमानाला कमाल असते, तरी दाब अगदी पक्का सांगता येतो. सापेक्ष चढउतार साधारण एक भागिले रेणूसंख्येचं वर्गमूळ, इतकेच. ठाऊक नसतं ते कुठला रेणू कुठे आहे हे. बर्फ वितळताना हे अज्ञान रेणूमागे सुमारे ३.८ बिटनी वाढतं (एक बिट म्हणजे एका हो-नाही प्रश्नाच्या उत्तराइतकी माहिती): मोलमागचे २२ ज्यूल प्रति केल्विन भागिले (वायू स्थिरांक ८.३१४ × २ चा नैसर्गिक लॉगरिदम ०.६९३). दुहेरी लंबकाचं (एका लंबकाला टांगलेला दुसरा लंबक) भाकीत काही सेकंदांत कोलमडतं, पण तो केऑस: सुरुवातीचा बारीकसा फरक झपाट्याने वाढत जाणं. उष्णतेच्या या हिशोबात तो कालवू नये.