मदत हवी आहे: मदतनीस ठेवून वेगळं राहायचं आहे, सुरुवात कुठून करू?

निळाई:

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसती वाचक होते, आज विचारायला आले आहे.

अपघातात माझ्या मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली, सी-६ म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीची. खांदे चालतात. कोपर वाकतं, पण जोर लावून सरळ करता येत नाही. बोटं हलत नाहीत. मात्र मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात, आणि तेवढ्या पकडीवर मी हलका कप धरते, फोन उचलते. हाताला बांधलेल्या पट्ट्यात चमचा अडकवून दिला की माझं मी जेवते. इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरते. बोलून टाइप करते आणि घरून भाषांतराचं काम करते. कमाई माझी आहे.

बाकी सगळं आई-बाबा करतात. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, आंघोळ, कपडे, कॅथेटर (लघवीची नळी), रात्री कूस बदलणं. आता बाबांची कंबर साथ देत नाही आणि आईची झोप पुरी होत नाही. त्यामुळे घरात सध्या एकच विषय आहे: आमच्यामागे हिचं काय?

नातेवाइकांनी उत्तर शोधून ठेवलंय, एक निवासी संस्था. मी जाऊन पाहिली. माणसं प्रेमळ आहेत, डॉक्टर येतात, स्वच्छता आहे. पण दिवे ठरलेल्या वेळी बंद होतात, पाहुणे ठरलेल्या दिवशीच येतात, आणि मला आंघोळ कोण घालणार हे ड्यूटीच्या वहीवरून ठरतं. मला तिथे जायचं नाही. भाड्याच्या घरात, माझ्या स्वतःच्या कुलपामागे, पगारी मदतनीस ठेवून राहायचं आहे. हे बोलले की सगळे गप्प होतात, नाहीतर आई रडते.

माझ्याइतकी मदत लागणारं कोणी असं राहतं का? किती तासांची मदत लागेल हे कसं ठरवायचं? मदतनीस निवडायचा कसा, आणि ज्या कामात इतकी लाज-शरम गुंतलेली आहे ते काम परक्या माणसाला सांगायचं कसं? मुख्य म्हणजे आई-बाबांना न दुखावता हे घडवता येईल का? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावं.

चाकावरचा:

निळाई, राहतात. मी राहतो. स्नायूंचा आजार आहे, हातांची दोन-तीन बोटं सोडली तर काही हलत नाही, रात्री श्वासाचं मशीन लागतं. गेली कित्येक वर्षं मदतनिसांच्या जोरावर स्वतःच्या घरात आहे.

सुरुवात वहीने करा. एक पूर्ण आठवडा लागलेली प्रत्येक मदत लिहून काढा: काय, किती वाजता, किती वेळ, आणि ती थांबू शकते का. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कॅथेटर थांबत नाही, कूस बदलणं थांबत नाही. कपाट आवरणं थांबतं. जमिनीवर पडलेला फोन? तो कधी थांबतो, कधी नाही, म्हणून तेही लिहा. आठवड्याच्या शेवटी चित्र दिसतं: कुठल्या वेळा पक्क्या आहेत, कोणती कामं एकत्र बांधता येतात आणि कुठे कोणी फोनच्या टप्प्यात असलं तरी पुरतं. लोक सरसकट म्हणतात, 'हिला चोवीस तास माणूस लागतं.' बहुतेकदा आकडा त्याहून कमी निघतो. आणि खरोखर चोवीसच निघाला, तर चोवीस लिहा. गरज कमी दाखवून कोणाचं समाधान करू नका. पुढे पगाराचा हिशेब आणि सरकारकडची मागणी, दोन्ही याच वहीवर उभं राहणार आहे.

दुसरं, एका माणसावर कधीही राहू नका. एकच मदतनीस असेल तर त्याची रजा म्हणजे तुमचा अंथरुणातला दिवस. नेहमीचे दोन हवेत, आणि ऐनवेळी येऊ शकेल असं, काम आधीच शिकलेलं तिसरं कोणीतरी.

मुलाखत तुम्ही घ्या, आईने नाही. समोरची व्यक्ती बोलताना कोणाकडे बघते ते पाहा. मग एक छोटं काम तुमच्या सूचनेवर करून दाखवायला सांगा: 'माझा हात मनगटाखालून धरा, बोटं ओढू नका, आता हळूच या बाजूला ठेवा.' जी ऐकते, मध्येच थांबून 'असं का?' विचारते, ती शिकेल. 'मी खूप पेशंट सांभाळलेत, मला सांगायची गरज नाही' म्हणणारी नको, मग अनुभव कितीही असो. मी स्वतः नवख्या माणसांना प्राधान्य देतो. माझ्या शरीरातला जाणकार मी आहे, ते शिकवायची माझी तयारी असते.

लाजेबद्दल खरं सांगतो. ती पहिले काही दिवस दोघांनाही असते. काम सुरू करायच्या आधी, कपडे अंगावर असतानाच, पूर्ण क्रम तोंडी सांगा. अर्ध्यात सूचना द्यायला लागलं की आवाजात चिडचिड येते. 'टॉवेल आधी इथे, मग नळ सोडा, मग पाठ' असं सपाट आवाजात सांगायचं. पुढे त्याचं काही वाटेनासं होतं.

आणि लेखी करार करा. तास, पगार, साप्ताहिक सुट्टी, भरपगारी रजा, नोटीस, घरातली गोष्ट बाहेर न बोलणं, कोणती कामं यात येत नाहीत. ही नोकरी आहे, सेवाभाव नाही. पगार वेळेवर गेलाच पाहिजे. त्यांचीही कंबर तुमच्या बाबांसारखीच आहे, म्हणून उचलून नेणं बंद करा. ट्रान्सफर बोर्ड (सरकून जायची फळी) किंवा होइस्ट (माणूस उचलायचं यंत्र) घ्या.

थेरपीवाली:

ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. पण निळाईताई, एक गोष्ट सगळ्यांत आधी. तुमची सी-६ची इजा टी-६च्या, म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्याच्या, वरची आहे, त्यामुळे ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचा धोका आहे, म्हणजे इजेखाली काही तुंबलं किंवा रुतलं की रक्तदाब अचानक भडकतो. तुम्हाला बहुधा माहीत असेल, मदतनिसाला नसणार. अचानक ठणकणारं डोकं, लाल झालेला चेहरा, इजेच्या वरच्या भागात घाम, झपाट्याने वाढणारा रक्तदाब. लगेच ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, घट्ट कपडे, पट्टे, लघवीच्या पिशवीचा बंद सैल करायचा, आणि नळी कुठे दुमडली आहे का, पिशवी भरली आहे का ते पाहायचं. सर्वाधिक वेळा कारण मूत्राशयच असतं, त्यानंतर तुंबलेलं पोट, मग त्वचेला रुतणारं काही. कारण सापडत नसेल किंवा रक्तदाब उतरत नसेल तर थेट रुग्णवाहिका. हे पाठ असल्याशिवाय कोणालाही तुमच्यासोबत एकटं ठेवू नका. हाच मजकूर असलेलं कार्ड खुर्चीच्या पाठीला अडकवा. इमर्जन्सी विभागातल्या सगळ्याच डॉक्टरांनी ही अवस्था पाहिलेली असते असं नाही.

घर बघताना: दार उघडल्यावर मोकळी जागा किमान ८० सेंटिमीटर, खुर्ची वळायला साधारण १५० सेंटिमीटरचं वर्तुळ, रॅम्पच्या उताराचं प्रमाण १:१२ (एक फूट चढायला बारा फूट लांबी) पेक्षा खडं नको. पलंगाखाली होइस्टचे पाय जातील इतकी जागा आहे का तेही पाहा, हे बहुतेक जण विसरतात. आवाजावर चालणारा फोन आणि आतून तुम्हाला स्वतःला उघडता येईल असं कुलूप याशिवाय राहायला जाऊ नका.

आईपण:

बाळा, मी तुझ्या आईच्या बाजूने लिहिते. माझा मुलगा असाच वेगळा राहायला गेला. 'त्याला जमणार नाही' अशी माझी भीती नव्हती. 'रात्री तीन वाजता कोण उठेल' ही होती. 'माझा हक्क आहे' असं तो म्हणायचा तेव्हा मी नुसती रडायचे. ज्या दिवशी त्याने रात्री कोण, तो आला नाही तर कोण, तोही आला नाही तर कोण, असा कागद समोर ठेवला, त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट ऐकलं. आईला समजावू नकोस, कागद दाखव.

आणि एकदम घर सोडू नकोस. आधी याच घरात मदतनीस आण. आई-बाबा घरात असतील, पण मध्ये पडणार नाहीत. मग ते एक-दोन दिवस बाहेरगावी जातील. नवं घर त्यानंतर. आम्हालाही शिकायला वेळ लागतो गं.

सत्यशोधक:

कौतुक आहे, पण धोका कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. अनोळखी माणूस, बंद घर, आणि निळाई स्वतः उठून दाराशी जाऊ शकत नाही. चोरी, मारहाण, त्याहून वाईट काहीही होऊ शकतं. संस्थेत निदान चार लोक बघत असतात.

चाकावरचा:

धोका खरा आहे, नाकारणार नाही. पण अत्याचार संस्थांमध्येही होतात, आणि तिथे तक्रार ज्याच्याकडे करायची त्याच्याच हाती तुमचं जेवण आणि औषध असतं. इथे निदान नोकरीवरून काढायचा अधिकार तुमचा असतो, अर्थात बदली माणूस तयार असेल तरच. म्हणून तर तिसऱ्या माणसाचा आग्रह. शिवाय बाहेरच्या दोघांशी रोज बोलणं ठेवा, बँकेचा पिन कोणाला देऊ नका, आणि मदतनीस हाच बाहेरच्या जगाशी एकमेव दुवा होऊ देऊ नका. एका शेजारणीकडे किल्ली हवी.

निळाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. आईपण, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण तिने तो परत एकदा वाचायला लावला.

आता नातेवाइकांचा नवा मुद्दा: मोठी संस्था नको तर सहा जणांचं ग्रुप होम बघ, ते म्हणजे स्वतंत्र राहणंच झालं. यावर काय सांगू?

हक्काची_बाब:

अपंग हक्कांच्या कामात आहे, म्हणून इथे बोलतो. संयुक्त राष्ट्रसंघाचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ साली मंजूर झाला आणि २००८ पासून अमलात आहे. त्यातलं १९वं कलम नेमकं यावरच आहे: कुठे आणि कोणासोबत राहायचं हे इतरांच्या बरोबरीने स्वतः ठरवणं, विशिष्ट व्यवस्थेतच राहण्याची सक्ती नसणं, आणि वैयक्तिक मदतनिसासह समाजात राहण्यासाठी लागणाऱ्या सेवा मिळणं.

करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २०१७ साली या कलमाचा खुलासा केला. त्यात सरळ म्हटलं आहे की शंभराहून जास्त माणसांची संस्था असो, पाच ते आठ जणांचं ग्रुप होम असो, की एकट्याचं घर असो, संस्थेची लक्षणं असतील तर त्याला स्वतंत्र जगणं म्हणता येणार नाही. लक्षणं कोणती? मदतनीस इतरांसोबत वाटून घ्यायची सक्ती, मदत कोणाकडून घ्यायची यावर ताबा नसणं, सोबत कोण राहणार ते दुसऱ्याने ठरवणं, इच्छा असो-नसो ठरलेलं वेळापत्रक. नातेवाइकांना आकड्याबद्दल बोलू द्या, तुम्ही हे चार प्रश्न त्या ग्रुप होमच्या चालकांना विचारा. उत्तरं चांगली आली तर जरूर विचार करा, सोबतीने राहण्यात काही वाईट नाही.

ही मागणी नवी नाही, हेही घरच्यांना सांगा. अमेरिकेतले एड रॉबर्ट्स यांना १४व्या वर्षी पोलिओ झाला, मानेखालचं शरीर जवळपास निकामी, श्वासासाठी आयर्न लंग या यंत्राचा आधार. १९६२ साली ते कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा राहायला तिथल्या इस्पितळातली खोली मिळाली. तिथे त्यांच्यासारखे आणखी विद्यार्थी आले, आणि मदतनीस आपणच निवडायचे, आपणच शिकवायचे ही पद्धत त्यांनी बसवली. त्यातून १९७२ साली बर्कलीचं सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग उभं राहिलं, अपंगांनी स्वतः चालवलेलं. कॅलिफोर्नियाच्या ज्या पुनर्वसन विभागाने एकेकाळी हा माणूस कामाला लागण्याच्या पलीकडचा ठरवला होता, त्याच विभागाचे ते १९७५ साली संचालक झाले. स्वीडनमध्ये वैयक्तिक मदतनिसाचा हक्क १९९४ पासून कायद्याने आहे.

सरकारी मदतीसाठी अर्ज कराल तेव्हा तुमच्या वहीची प्रत जोडा आणि तास मागा. 'काही मदत मिळावी' असं मोघम लिहू नका. तोंडी नकार घेऊ नका, कुठल्या नियमाखाली नाकारलं ते लेखी मागा. पुढचं अपील त्या कागदावरच होतं. एकटीने जाऊ नका, तुमच्यासारखे आणखी दोघे-तिघे सोबत घेऊन जा.

निळाई:

कालपासून वही सुरू केली. आई सांगते, मी बोलून टाइप करते. एकच शेवटचा प्रश्न. पहिली मदतनीस याच घरात येईल तेव्हा ती प्रत्येक गोष्ट आईलाच विचारणार, आणि आई उत्तर देणार. सवयीने. तेव्हा काय करायचं?

आईपण:

पहिले काही दिवस सकाळच्या त्या वेळात आईला घराबाहेर काढ. फिरायला, बँकेत, कुठेही. आम्ही समोर असलो की आम्हाला गप्प बसवत नाही. आणि मदतनिसाला पहिल्याच मिनिटाला सांग, पगार मी देते, विचारायचं ते मला विचारा.